सोसायटीचा एसटीपी: ताबा घेण्यापासून रोजच्या गाळापर्यंत

एसटीपी म्हणजे सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. फ्लशच्या टाकीत पिवळट पाणी, संध्याकाळी पार्किंगभर वास आणि दर महिन्याला ‘बॅक्टेरिया कल्चर’च्या पावडरचं बिल. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की कमिटी नवा फिल्टर किंवा नवा ठेकेदार शोधायला लागते. यंत्रं बहुतेक वेळा धड असतात. टाकीत हवा मारणारा ब्लोअर रात्री बंद असतो, किंवा गाळ महिनोन्‌महिने बाहेर काढलेला नसतो, किंवा दोन्ही.

पुढची कृती साधारण २०० फ्लॅटच्या संकुलासाठी आहे: टाक्या जमिनीखाली, हवा मारून सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला. पुणे-ठाणे-नाशिककडे हा प्रकार सर्रास दिसतो. तुमच्याकडे एमबीबीआर असेल, म्हणजे टाकीत प्लास्टिकच्या चकत्या फिरत असतील, तर जिथे फरक पडतो तिथे ते सांगितलं आहे.

१. सगळ्यात आधी: टाकीत कोणीही उतरणार नाही

हा मुद्दा शेवटी लिहायची पद्धत आहे. मी तो पहिला घेतो, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी म्हणणारच आहे, “साहेब, दोन मिनिटं उतरून बघून येतो.”

बंद टाकीत सांडपाणी सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचून राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर-दीडशे भाग झाले की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं उतरतात. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क याला काडीचाही अडवत नाही.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस थेट लावता येत नाही आणि ठेकेदारामार्फतही लावता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारसफाईत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितलं. “माणूस ठेकेदाराचा होता” हे वाक्य कमिटीला वाचवेल, या भरवशावर राहू नका.

टाकी साफ करायची तर सक्शन-जेटिंगची गाडी बोलवा. आत जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर गॅस मोजायचं यंत्र, बाहेरून हवा खेळवणारा पंखा, श्वसनयंत्र, तिवईला बांधलेला पट्टा आणि वर सतत उभा माणूस, एवढं सगळं घेऊन येणाऱ्या प्रशिक्षित एजन्सीलाच काम द्या. यातली एक गोष्ट जरी कमी असली तरी काम थांबवा.

तपासा: प्रत्येक झाकणाखाली लोखंडी जाळी आहे का? नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून ती आधी बसवा.

२. बिल्डरकडून ताबा घेताना

चावी घेऊन सही करून टाकणं ही इथली नेहमीची चूक. आधी आकडा काढा. २०० फ्लॅट, दर घरी ५ माणसं, म्हणजे १,००० माणसं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर १,३५,००० लिटर पाणी वापरलं जातं आणि त्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे रोज सुमारे १,१०,००० लिटर. प्लांटच्या पाटीवरची क्षमता याच्याशी ताडून बघा. निम्मे फ्लॅट रिकामे असताना “प्लांट झकास चालतोय” हे प्रात्यक्षिक कोणालाही दाखवता येतं.

मग कागद. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, त्याची मुदत, त्यात लिहिलेल्या मर्यादा. पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्या अटी. टाक्यांचे आणि पाइपांचे प्रत्यक्षात बांधले तसे नकाशे. मंजुरीसाठी दिलेले चालणार नाहीत. ब्लोअर-पंपांची माहितीपत्रकं. संमतीपत्र बिल्डरच्या नावावर असेल तर ते सोसायटीच्या नावावर करून घेण्याची कारवाई ताब्याच्या पत्रातच लिहून घ्या. नंतर फोन उचलले जात नाहीत.

तीन गोष्टी नसतील तर बसवून मागा: एसटीपीचा स्वतंत्र वीज सबमीटर, आत येणाऱ्या पाण्याचा फ्लोमीटर, आणि प्रत्येक ब्लोअरवर तास मोजणारं मीटर. हे तास-मीटर स्वस्त असतं आणि खोटं बोलत नाही. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास होतात. दोन ब्लोअर आलटून पालटून चालवता आणि दोघांची बेरीज ४८० आली, तर रोज आठ तास हवा बंद होती. रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो.

३. पाण्याच्या मागे मागे चाला

ऑपरेटरला बरोबर घ्या आणि इमारतीच्या शेवटच्या चेंबरपासून फ्लशच्या टाकीपर्यंत क्रमाने चालत जा: जाळी, तेल अडवणारी टाकी, साठवण टाकी, हवेची टाकी, निवळण टाकी, फिल्टर, क्लोरीन, शुद्ध पाण्याची टाकी. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर आणि रंगीत पट्टी लावा.

इथे एकच पाइप खास शोधायचा आहे: साठवण टाकीतून किंवा हवेच्या टाकीतून थेट महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला जाणारा. अडचणीच्या वेळी उघडायला म्हणून ठेवलेला हा बायपास पुष्कळदा कायमचा उघडा सापडतो. त्याला कुलूप घाला, चावी सेक्रेटरीकडे ठेवा, आणि कधी उघडला त्याची नोंद ठेवा. तुमचं न शुद्ध केलेलं पाणी शहराच्या लाइनमध्ये गेलं तर पालिकेच्या केंद्रापर्यंत ते पोहोचेलच असं नाही. लाइन तुंबलेली असेल तर ते पुढच्याच चेंबरमधून रस्त्यावर येतं.

४. आत काय येतं ते आवरा

जाळी रोज साफ, पावसाळ्यात दोनदा. जाळीत अडकलेले वाइप्स, सॅनिटरी पॅड, केस बाहेर काढून कचऱ्यात. जाळीला भोक पाडून “पाणी मोकळं” केलेलं मी पाहिलं आहे. तो सगळा माल मग पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांना, गुंडाळला जातो.

पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळ्या ड्रेनेजला जोडलेल्या नाहीत ना, हे पहिल्या मोठ्या सरीत बघा. पाऊस पडताच फ्लोमीटर उसळला तर जोडणी आहे. ती तोडून पावसाळी गटाराला द्या. पावसाचं पाणी प्लांटमध्ये शिरलं की वर्षभर जोपासलेला, पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा गाळ दोन तासांत वाहून जातो.

संडास-बाथरूमसाठी अ‍ॅसिड वापरणाऱ्या सफाई एजन्सीला आवरा. एका घरातलं थोडंसं अ‍ॅसिड पचून जातं. पण सगळ्या विंगांचे कॉमन संडास रविवारी एकाच वेळी अ‍ॅसिडने धुतले की सोमवारी हवेच्या टाकीला फेस आणि निवळण टाकीत गढूळ पाणी.

साठवण टाकी भरते सकाळी सात ते दहा, पण हवेच्या टाकीला पाणी दिवसभर सारखं मिळायला हवं. १,१०,००० लिटर २० ते २२ तासांत वाटले तर तासाला पाच-साडेपाच हजार लिटर. पंप मोठा बसवलेला असतो, म्हणून ऑपरेटर तो फ्लोटवर, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचवर, सोडून देतो: टाकी भरली की पंप सुरू, अर्ध्या तासात सगळं पुढे. निवळण टाकीला तो लोंढा सोसत नाही आणि गाळ वरून सांडतो. पंपाच्या तोंडाशी व्हॉल्व्ह अर्धवट बंद करा आणि जादा पाणी साठवण टाकीतच परत वळवा. साठवण टाकीतली हवा मात्र बंद करू नका. पार्किंगमधला वास बहुतेक तिथूनच येतो.

५. नव्याने सुरू करताना विरजण

हवेच्या टाकीत काम करतात ते जिवाणू, आणि ते गाळाच्या रूपात राहतात. सुरुवातीला दुसऱ्या चालू एसटीपीतला जिवंत गाळ आणावा लागतो, दह्याला विरजण लागतं तसा. घरगुती सांडपाण्याच्याच प्लांटमधला, निवळण टाकीच्या तळाचा दाट, तपकिरी गाळ घ्या. टाकीच्या १० ते १५ टक्के आणला तर सुरुवात दणक्यात होते. टँकर आल्या आल्या रिकामा करा आणि ब्लोअर आधीपासून चालू ठेवा. रात्रभर बंद टँकरमध्ये राहिलेला गाळ काळा पडून येतो.

सेप्टिक टँकचा मैला आणून ओतणं ही चूक. शेण, गूळ, युरिया, डीएपी यांचं मिश्रण ही दुसरी. घरगुती सांडपाण्यात जिवाणूंना लागणारं खाद्य भरपूर असतं. शेणाने पाणी गढूळ होतं आणि त्याचे धागे पंपात अडकतात. डबाबंद कल्चरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हवा आणि गाळ ठीक असेल तर त्याची गरज नाही, आणि ठीक नसेल तर त्याचा उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात येणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सा आत घ्या, मग दोन ते चार आठवड्यांत पूर्ण भार. या काळात पांढरा, साबणासारखा फेस येतो. घाबरून फेसनाशक ओतू नका, गाळ वाढला की तो बसतो. आणि पुढच्या टप्प्यातली चाचणी २५० च्या जवळ येईपर्यंत गाळ बाहेर काढू नका.

६. एक लिटरचं मोजपात्र, रोज

प्लांटची नाडी इथे सापडते. पारदर्शक, खुणा असलेलं एक लिटरचं सिलिंडर घ्या. ब्लोअर चालू असताना, टाकीच्या कडेपासून दूर आणि पृष्ठभागाखाली फूटभर, दांड्याला बांधलेल्या मगाने पाणी काढा. रोज तीच जागा आणि शक्यतो तीच वेळ. सिलिंडर काठोकाठ भरा आणि उन्हापासून व पंपाच्या हादऱ्यापासून दूर सपाट जागी ठेवा.

पहिली पाच मिनिटं समोरून हलू नका. चांगला गाळ आधी बारीक कणांतून मोठे पुंजके बनवतो, मग एक स्पष्ट रेघ धरून खाली सरकतो. त्या रेघेच्या वरचं पाणी नितळ असलं पाहिजे, बोट मागे धरलं तर दिसावं इतकं. तीस मिनिटांनी रेघ कितीवर आहे ते लिहा.

२५० ते ४०० मिलिलिटर: ठीक. १५० च्या खाली: गाळ कमी, बाहेर काढणं थांबवा. ५०० च्या वर: पुढचा प्रश्न विचारा.

कारण ५०० च्या वरची रेघ दोन वेगळ्या आजारांची खूण असू शकते आणि उपाय वेगळे आहेत. एक, गाळ फार साठला आहे आणि दाटीमुळे खाली बसायला जागा नाही. दोन, धाग्यासारखे जिवाणू वाढून गाळ फुगला आहे. ओळखायचं असं: अर्धा लिटर नमुना आणि अर्धा लिटर निवळलेलं पाणी एकत्र करून चाचणी पुन्हा करा. आता रेघ निम्म्याच्याही बरीच खाली, म्हणजे ६०० ची दोनशेच्या आसपास आली, तर गाळ जास्त आहे, काढा. रेघ फारशी खाली आलीच नाही, तर गाळ फुगला आहे. तेव्हा हवा कमी पडते का, तेल-तूप येतंय का, साठवण टाकी सडली आहे का ते बघा. फुगलेल्या गाळावर फक्त गाळ काढत राहिलात तर प्लांट रिकामा होईल आणि दुखणं तसंच राहील.

सिलिंडर फेकून देऊ नका. आणखी दीड तास तसंच ठेवा. बसलेला गाळ बुडबुड्यांसकट ढेकळासारखा वर आला, तर निवळण टाकीतही तेच होतंय. तळाचा गाळ वेळेत हवेच्या टाकीत परत जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. परतीची लाइन केसांनी-चिंध्यांनी तुंबली आहे का ते आधी बघा. परतीचा प्रवाह अखंड हवा, आत येणाऱ्या पाण्याच्या निम्म्यापासून तेवढ्याच प्रमाणापर्यंत.

रंग आणि वासही लिहा. चॉकलेटी-तपकिरी रंग आणि ओल्या मातीचा वास, तर छान. काळपट आणि उग्र, तर हवा कमी. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, आणि मीटर टाकीच्या दूरच्या कोपऱ्यात बुडवा, ब्लोअरच्या पाइपाशेजारी नाही. एकाच ठिकाणी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर तिथला डिफ्युझर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा तळाचा भाग, फाटला आहे.

सावधान: वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवू नका. भार कमी असेल तर व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) वेग कमी करा, किंवा टायमर लावून मधे मधे तासाभराच्या आतला खंड द्या. सहा-आठ तास बंद ठेवलेल्या टाकीत गाळ तळाला बसून सडतो आणि सकाळी सुरू केल्यावर सगळ्या इमारतीला ते कळतं.

एमबीबीआरमध्ये जिवाणू चकत्यांवर चिकटलेले असतात, म्हणून वरचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. चकत्या सगळीकडे सारख्या फिरतात का, त्यांच्या आतल्या पोकळीत पातळ तपकिरी थर आहे का, आणि त्या अडवणारी जाळी शाबूत आहे का, एवढं बघा.

७. गाळ बाहेर काढा, आणि पोती मोजा

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. फिल्टर प्रेस, म्हणजे गाळातलं पाणी पिळून काढणारं यंत्र, चालवणं घाण, वेळखाऊ, ऑपरेटर एकटा, पोती उचलणारा कोणी नाही. मग गाळ वाढत जातो, निवळण टाकीतून सांडतो, सँड फिल्टर चोंदतो आणि फ्लशला पिवळं पाणी जातं. कमिटी फिल्टरची वाळू बदलते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

हिशोब सोपा आहे. रोज १,१०,००० लिटर सांडपाणी, त्यात लिटरला २५० मिलिग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरला, तर साडेसत्तावीस किलो बीओडी. त्यातून अंदाजे निम्मा, म्हणजे १४ किलोच्या आसपास कोरडा गाळ रोज तयार होतो. परतीच्या लाइनमधून तो पाण्यासकट दीड-पावणेदोन हजार लिटर काढावा लागतो आणि प्रेसमधून साधारण ७० किलो ओलसर वड्या निघतात. तुमच्याकडे निम्म्या निघत असतील तर भार कमी असेल, समजू शकतो. गेल्या तीन महिन्यांत एकही पोतं निघालं नसेल तर तो गाळ बायपासने ड्रेनेजला गेला आहे किंवा तुमच्या फ्लशच्या टाकीत बसला आहे. तिसरी जागा नाही.

थोडा थोडा, रोज किंवा एक दिवसाआड काढा. महिन्यातून एकदा निम्मी टाकी उपसली तर जिवाणूंची संख्या एकदम घसरते आणि सावरायला आठवडा-दोन आठवडे जातात. टाकीवर गडद तपकिरी, तेलकट, हटता न हटणारा फेस दिसला तर गाळ म्हातारा झाला आहे. काढण्याचं प्रमाण हळूहळू वाढवा.

तपासा: रजिस्टरमध्ये ‘पोती’ हा रकाना आहे का? नसेल तर आजच आखा.

८. फिल्टर आणि क्लोरीन: क्रम चुकवू नका

सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशर गेजमधला फरक अर्धा किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला की बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं. ते पाणी पुन्हा साठवण टाकीत सोडा.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) कार्बन फिल्टरच्या नंतर द्या. आधी दिला तर कार्बन तो खाऊन टाकतो आणि फ्लशच्या टाकीत काहीच उरत नाही. किमान अर्धा तास पाण्याशी संपर्क हवा आणि शेवटी लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे; किट घेऊन मोजा. १० टक्क्यांचा हायपो असेल आणि लिटरला ५ मिलिग्रॅम द्यायचा असेल तर आपल्या हिशोबात रोज साडेपाच लिटर होतो. पण हायपो उन्हात आणि साठवणीत पडून फिका होत जातो, म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. आणि त्याच खोलीत अ‍ॅसिडचे कॅन ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो.

९. फ्लशला जोडण्याआधी

शुद्ध केलेलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये कुठे मिसळत नाही ना, ही चाचणी ताब्याच्या वेळी आणि नंतर प्रत्येक मोठ्या प्लंबिंग दुरुस्तीनंतर करा. गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये फ्लश, बेसिन, शॉवर, स्वयंपाकघराचा नळ उघडून बघा. रंग फक्त फ्लशमध्ये दिसायला हवा. मग उलटं: पिण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइन रिकामी होऊ द्या आणि बेसिनचे नळ उघडा. तरीही पाणी येत राहिलं तर कुठेतरी जोड आहे.

संडासातला जेट हमखास चुकलेला सापडतो. प्लंबरला जवळची लाइन फ्लशची असते, तो तीच घेतो. जेट पिण्याच्या पाण्यावरच हवा. फ्लॅटचं अंतर्गत नूतनीकरण करणाऱ्यांना ही अट लेखी द्या. फ्लशच्या टाकीत कमी पडलं तर पिण्याचं पाणी घेण्याची सोय असते. तो पाइप टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर मोकळा सुटलेला असावा, नुसत्या व्हॉल्व्हच्या भरवशावर थेट जोडलेला नसावा.

१०. लॅबचा नमुना

संमतीपत्रातल्या मर्यादा वाचा. बऱ्याच ठिकाणी बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम अशी अट असते. नमुना फिल्टरनंतरच्या ठरलेल्या नळावरून, नेहमीच्या भाराच्या वेळी घ्यायचा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबचा माणूस येतो तेव्हा कमिटीतल्या कोणीतरी शेजारी उभं राहावं. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला जाते का, जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक वेगळी बाटली आणली आहे का, हे बघा. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आलेल्या अहवालात बीओडीचा आकडा असेल तर लॅब बदला. अहवालात बीओडी ६ आणि त्याच दिवशी तुमच्या मोजपात्राची रेघ ५० वर, पाणी गढूळ, असं असेल तर मोजपात्रावर विश्वास ठेवा आणि दुसऱ्या लॅबकडून नमुना पुन्हा काढून घ्या.